संदर्भ हवा

दिवाळी उलटून धानाची कापणी आवरली, की देसाईगंज-वडशाच्या नाटक मंडळ्यांच्या कार्यालयांत गावोगावची माणसं येऊ लागतात. कोणतं नाटक द्यायचं, नायक कोण, नायिका कोण, लावणी आहे की नाही, आमच्या गावची मंडई (दिवाळीनंतरची जत्रा) अमुक तारखेला आहे, ती रात्र रिकामी आहे का, अशी बोलणी होतात आणि विसार दिला जातो. हा हंगाम होळीपर्यंत चालतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या मुलखात, म्हणजे झाडीपट्टीत, रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि नाटक संपतं तेव्हा उजाडायला आलेलं असतं. थंडीत घोंगड्या पांघरून बसलेली माणसं मध्येच उठून जात नाहीत. तिकीट काढून आलेली असतात ती.

या नाटकांवर वाढलेला आणि ब्रह्मपुरी किंवा आरमोरीच्या कॉलेजात शिकणारा एखादा मुलगा डोळ्यांपुढे आणा. आवडत्या नटाचं नाव तो मोबाइलवर शोधतो, तर विकिपीडियावर काहीच नाही. मुखपृष्ठावर मात्र लिहिलेलं असतं, की इथे कोणीही लिहू शकतो. तो खातं उघडतो. नटाचं गाव, गाजलेल्या भूमिका, आवाजाची फेक, एकदा विजेने दगा दिला तेव्हा कंदिलाच्या उजेडात केलेला प्रयोग, असं सगळं रात्री बसून लिहितो आणि पान जतन करतो. सकाळी पाहतो तर पानाच्या डोक्यावर चौकट लागलेली असते : उल्लेखनीयता सिद्ध होत नाही, संदर्भ हवा, पान काढावे. घाईघाईने तो चर्चापानावर उत्तर लिहितो, "मी स्वतः त्यांची नाटकं बघितली आहेत. आमच्या तालुक्यात त्यांना ओळखत नाही असा माणूस सापडणार नाही." गावात एवढ्यावर वाद मिटला असता. विकिपीडियावर या वाक्याची किंमत शून्य. दोन दिवसांत पान जातं. मुलगाही जातो, तो पुन्हा फिरकत नाही.

असं फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. इंग्रजी विकिपीडियावरच्या सक्रिय लेखकांची संख्या २००७ मध्ये शिखराला पोचली आणि मग घसरत गेली. ॲरन हाफेकर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये या घसरणीचा अभ्यास छापला. चांगल्या हेतूने लिहायला आलेल्या नवख्यांचं लेखन आल्या आल्या उलटवलं जाण्याचं प्रमाण वाढलं होतं, आणि ज्यांचं पहिलंच लेखन असं पुसलं गेलं ते टिकत नव्हते. खोडसाळपणा रोखायला बसवलेली स्वयंचलित साधनं हौशी माणसालाही त्याच झाडूने झाडून काढत होती. 'नवख्यांना चावू नका' असा नियम विकिपीडियावर पूर्वीपासून आहे. पण चावणाऱ्याला आपण चावतो आहोत हे कळतच नाही, तो आपला पहारा करत असतो.

आता प्रश्न असा, की त्या मुलाचं चुकलं काय? मला विचाराल तर मुलगाही बरोबर आहे आणि नियमही.

नियम आधी पाहू. मराठीतल्या जुन्या कोशांच्या मागे माणसं उभी होती आणि ती सर्वांना दिसत होती. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड पुरे केले, त्यासाठी गावोगाव हिंडून वर्गणीदार आणि भागीदार गोळा केले. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोश उभा केला. त्यातल्या नोंदीखाली लेखकाचं नाव असतं. नोंदीत चूक निघाली तर कुणाला धरायचं ते ठाऊक असतं. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर लिहिणारा कोण आहे हे कुणालाच माहीत नसतं. तो प्राध्यापक असेल, नववीतला पोरगा असेल, किंवा त्या नटाचा मेहुणाही असेल. म्हणून तिथे एक साधी, थोडी निर्दय युक्ती योजलेली आहे : लिहिणाऱ्याच्या शब्दाला वजनच द्यायचं नाही. वजन फक्त बाहेर कुठेतरी छापून आलेल्या, तटस्थ माणसाने तपासलेल्या मजकुराला. तुम्ही डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं, सत्तर वर्षं जगलात, हे सगळं 'मूळ संशोधन' ठरतं आणि त्याला आत प्रवेश नसतो.

बड्यांनाही यातून सूट नाही. फिलिप रॉथ या अमेरिकन कादंबरीकाराने २०१२ मध्ये आपल्याच एका कादंबरीवरच्या लेखातली चूक दुरुस्त करायला सांगितलं. मुख्य पात्र कुणावरून सुचलं याची तिथे दिलेली माहिती खोटी आहे, असं त्याचं म्हणणं होतं. उत्तर आलं, की दुसरीकडचा आधार लागेल, लेखकाचा स्वतःचा शब्द पुरेसा नाही. रॉथने चिडून 'न्यू यॉर्कर'मध्ये अनावृत पत्र लिहिलं. ते छापून आल्यावर तोच मजकूर संदर्भ म्हणून चालला. भौतिकशास्त्रज्ञ डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरच्या लेखाचा मसुदा मे २०१८ मध्ये नाकारला गेला, कारण त्यांची दखल पुरेशा स्वतंत्र लेखनात घेतलेली दिसत नव्हती. ऑक्टोबरात त्यांना नोबेल मिळालं आणि त्याच दिवशी लेख उभा राहिला.

झाडीपट्टीला हा अनुभव परका नाही. डॉ. परशुराम खुणे यांनी कित्येक दशकं झाडीपट्टीच्या रंगमंचावर काढली. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि देशभरच्या वर्तमानपत्रांत नाव आलं. पद्म पुरस्कारांची अशी यादी निघाली, की उल्लेखनीयतेचा प्रश्न एका रात्रीत मिटतो. हजारो प्रयोगांना जे जमत नाही ते दिल्लीच्या एका पत्रकाने होतं. नियम पाळणाऱ्याचा यात दोष नाही. तो छापील कागद मागतो आणि तो कागद त्याला मिळतो. अडचण अशी, की छापील कागद सगळ्या मुलखांत सारखा पिकत नाही.

गडचिरोलीचंच घ्या. जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. त्याआधीचं दप्तर चंद्रपूरच्या नावाने, आणि त्याहून जुनं चांद्याच्या नावाने, कारण चंद्रपूरलाही पूर्वी चांदाच म्हणत. सिरोंचा तर १८७४ पर्यंत अपर गोदावरी नावाच्या वेगळ्याच जिल्ह्याचं ठाणं होतं. 'गडचिरोली' हा शब्द घालून जुनं काही शोधणाऱ्याच्या हाती अर्थातच काही लागत नाही, आणि आपल्या मुलखाविषयी कुणी कधी लिहिलंच नाही अशी त्याची समजूत होते. लिहिलेलं आहे. ते लिहिलं कोणी, ते बघण्यासारखं आहे.

इंग्रज अधिकारी मेजर लूसी स्मिथ याने १८६९ मध्ये चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल केला. त्यात चांद्याच्या गोंड राजांची वंशावळ आहे, इसवी सन ८७० पासून १७५१ मध्ये राज्य नागपूरकर भोसल्यांकडे जाईपर्यंतची. पुढे १९०९ चं बेग्बी आणि नेल्सन यांचं गॅझेटियर आलं, आणि चंद्रपूरच्या इतिहासावर लिहिणाऱ्या पुढच्या लेखकांनाही स्मिथला टाळता आलं नाही. पण स्मिथने ही वंशावळ आणली कुठून? बहुतेक सगळी लोकांच्या तोंडून. जुन्या माणसांनी सांगितलं, त्याने लिहून घेतलं. सुरुवातीच्या राजांचे काळ फारच मागे नेलेले आहेत, असं नंतरच्या अभ्यासकांनी दाखवूनही दिलं. तरीही आज चंद्रपूरचा कुणी तरुण आपल्या आजोबांकडून ऐकलेली गोंड राणी हिराईची आठवण लिहील तर 'संदर्भ हवा'ची पट्टी लागेल, आणि दुसऱ्या कुणाच्या आजोबांनी दीडशे वर्षांपूर्वी साहेबाला सांगितलेली गोष्ट तळटीप लावून ऐटीत उभी राहील. दोन्ही ऐकीवच. एक ऐकीव गोष्ट सरकारी छापखान्यातून आली, एवढाच फरक.

या दुखण्यावर एकदा इलाज करून पाहिला गेला होता. २०११ मध्ये अचल प्रभला यांनी भारत आणि दक्षिण आफ्रिकेत एक प्रयोग केला. खेड्यातले खेळ, विधी, पदार्थ यांच्याबद्दल जाणत्या माणसांना बोलतं करायचं, ते ध्वनिमुद्रित करायचं आणि ते मुद्रणच विकिपीडियाच्या लेखाखाली संदर्भ म्हणून जोडायचं. मल्याळम, हिंदी आणि सेपेडी या भाषांत लेख झाले, त्यावर एक माहितीपटही निघाला. कल्पना सरळ होती. पण ध्वनिमुद्रणात बोलणाऱ्याचं बोलणं तपासलं कोणी, हा प्रश्न उरलाच, आणि मोठ्या विकिपीडियांनी ही वाट काही रुळू दिली नाही. मला हा नकार पटत नाही, पण त्यामागची भीती समजते. उद्या प्रत्येक जण आपल्या काकांचं बोलणं मुद्रित करून आपल्या जातीचा इतिहास चढवू लागला तर आवरणार कोण?

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) या संदर्भात आठवतं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं हेच गाव. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्याला सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. मंत्री आले, पत्रकार आले, म्हणून एवढ्या गोष्टींना संदर्भ भरपूर आहेत. पण गावाचं खरं वैशिष्ट्य म्हणजे तिथले अभ्यासगट. एखाद्या विषयावर महिनोन्महिने बसून बोलायचं, जाणकाराला बोलवायचं, मग सर्वसहमतीने ठरवायचं. बाहेरच्या संशोधकाला काही अभ्यासायचं असेल तर आधी ग्रामसभेला विचारावं लागतं. म्हणजे ज्ञान तपासून घेण्याची रीत या गावात आहे, आणि ती पुष्कळ दैनिकांच्या संपादकीय विभागांपेक्षा कडक आहे. तरी ग्रामसभेच्या वहीतली नोंद विकिपीडियाच्या लेखी प्राथमिक साधन, आणि ते अप्रकाशित. संदर्भ म्हणून चालत नाही.

उलट डॉ. राणी बंग यांचं 'गोईण' पाहा. गडचिरोलीच्या बायकांचं झाडांशी असलेलं नातं, कोणत्या झाडाचं काय कामाला येतं, याविषयी त्या बायकांनीच सांगितलेलं त्या पुस्तकात आहे. सांगणाऱ्या त्याच, जंगल तेच. पुस्तक झाल्याबरोबर ते ज्ञान तळटिपेत बसायला लायक झालं. झाडीपट्टीच्या नाटकांवरही पीएच.डी.चे प्रबंध झालेले आहेत. असा प्रबंध विकिपीडियाला चालतो. आपल्या त्या मुलाच्या कॉलेजच्या ग्रंथालयातच एखादा धूळ खात पडलेला असू शकतो, पण हे त्याला चौकट लावणाऱ्याने सांगितलेलं नसतं. चौकटीत फक्त 'हवा' असतं, 'कुठे मिळेल' ते नसतं. नवख्याचा खरा जाच हाच आहे असं मला वाटतं.

नटाच्या घरच्या ट्रंकेत कात्रणांची वही असतेच. ती उघडली की बहुधा एक गंमत दिसते : बातमी जपून कापलेली, फोटो नीट चिकटवलेला, आणि पानाच्या माथ्यावरचं वर्तमानपत्राचं नाव नि तारीख कात्रीत गेलेली. विकिपीडियाला बातमीचा दुवा नसला तरी चालतं, हेही पुष्कळांना माहीत नसतं. दैनिकाचं नाव, आवृत्ती, तारीख, पान क्रमांक एवढं दिलं की पुरे. नेमकं तेवढंच हरवलेलं असतं.

त्याआधी तांत्रिक अडथळ्यांची शर्यत असते, ती थोडक्यात सांगतो. गावातल्या डीटीपीवाल्याकडून स्मरणिकेचा मजकूर आणला तर तो श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असतो. संपादनाच्या खिडकीत चिकटवला की अक्षरांची भेळ दिसते, कारण तिथे युनिकोड लागतं. संदर्भाचा दुवा जोडायला गेलं की नवीन खात्याला इंग्रजी अक्षरांचं कोडं सोडवावं लागतं. कॉलेजात कार्यशाळा घेतली तर सहा विद्यार्थ्यांची खाती उघडतात आणि सातव्याला नकार येतो. एका आयपी पत्त्यावरून दिवसाला सहाच खाती, असा नियम आहे, आणि संगणककक्षाचा पत्ता सगळ्यांचा एकच. आयोजकाने आधी कळवलं असतं तर सूट मिळाली असती. मोबाइलवरून लिहिणाऱ्याची कथा आणखी वेगळी. कंपनीचा तोच पत्ता हजारो ग्राहकांत फिरत असतो. त्यांतल्या एखाद्याने कुठे शिवीगाळ केली, की पत्त्यांचा अख्खा पट्टा बंद होतो, आणि भामरागडात टॉवर मिळेल तिथे उभा राहिलेला माणूस पहिल्यांदाच संपादनाचं बटण दाबतो तेव्हा त्याला 'तुम्हाला प्रतिबंधित केलं आहे' असं वाचायला मिळतं. कशाबद्दल, ते त्याला कसं कळावं?

पहारेकऱ्यांची बाजूही ऐकायला हवी. मराठी विकिपीडियाचे प्रचालक (ॲडमिन) बोटांवर मोजण्याइतके, सगळे बिनपगारी. 'अलीकडील बदल' उघडलं की दिसतं काय? कुणी मित्राला क्रिकेटपटू करून ठेवलेलं, कुणी नगरसेवकाचा वाढदिवसाचा फलक लेख म्हणून चढवलेला, कुणी विश्वकोशातली नोंद जशीच्या तशी उतरवलेली. हे दिवसभर उपसणाऱ्याला वडशाच्या नटावरचा बिनसंदर्भ, विशेषणांनी भरलेला लेख वेगळा दिसत नाही. 'नटसम्राट', 'झाडीपट्टीचा हुकमी एक्का' ही विशेषणं नाटकाच्या पोस्टरवर शोभतात, कोशात ती आली की वाचणाऱ्याला जाहिरातीचा वास येतो. तो वास कधीकधी खराही असतो. पैसे घेऊन पान 'बनवून देतो' म्हणणारे दलाल कलावंतांना आणि पुढाऱ्यांना गाठतात, आणि पान उडालं की फोन उचलत नाहीत.

एक विसंगती मात्र मला खुपते. कायद्याने गाव म्हणून नोंद असली की ते उल्लेखनीय, असा संकेत आहे. त्यामुळे जनगणनेच्या यादीवरून हजारो गावांची पानं झाली. त्यांतलं एखादं उघडून पाहा : अमुक हे अमुक तालुक्यातील एक गाव आहे. मग भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा अशी मथळ्यांची रांग, आणि मथळ्यांखाली पोकळी, किंवा दहा गावांना सारखंच लागू पडणारं एखादं वाक्य. जनगणनेच्या यादीत रिठी गावंही असतात, जिथे आज एकही चूल पेटत नाही. अशा गावाची नोंद सहज टिकेल आणि त्याच तालुक्यात रात्रभर हजारो माणसं जागवणाऱ्याची टिकणार नाही.

पण हीच रिकामी पानं नवख्यासाठी सोन्याची खाण आहेत. तिथे उल्लेखनीयतेचा वाद नाही आणि पान उडण्याची भीती नाही. आपल्या गावच्या 'प्रेक्षणीय स्थळे' या मथळ्याखाली मार्कंडा किंवा वैरागडसारख्या ठिकाणाबद्दल तीन वाक्यं लिहावीत, राज्य गॅझेटियरमधला पान क्रमांक द्यावा, आणि थांबावं. अशी पाच-पंचवीस संपादनं झाली की खात्याला वय येतं, कोडी सोडवणं बंद होतं, आणि प्रचालकालाही नाव ओळखीचं होतं. नटावरचा लेख त्यानंतर, आणि तोही आधी धूळपाटीवर, म्हणजे कच्च्या मसुद्याच्या पानावर.

गोंडी आणि माडियाचा प्रश्न याच्या पलीकडचा आहे. २०११ च्या जनगणनेत गोंडीभाषक २९ लाखांच्या घरात होते, तरी गोंडी विकिपीडियाचं काम अजून उबवणुकीच्या (इन्क्युबेटरच्या) पायरीवरच रेंगाळलेलं. ओल चिकी लिपीतला संथाळी विकिपीडिया २०१८ मध्ये उघडला, कारण त्या लिपीत छापण्याची, शिकवण्याची परंपरा आधी उभी राहिलेली होती. गोंडी महाराष्ट्रात देवनागरीत, तेलंगणात तेलुगूत लिहिली जाते. शिवाय मसराम आणि गुंजाला अशा दोन स्वतंत्र लिप्या आहेत, त्यांना युनिकोडमध्ये जागा मिळाली ती अनुक्रमे २०१७ आणि २०१८ मध्ये. भामरागडचा माडिया आणि मध्य प्रदेशातला गोंड यांनी एका पानावर लिहायचं तर कोणत्या लिपीत आणि कोणाच्या बोलीत, हे आधी ठरायला हवं. ते काम विकिपीडियाचं नाही, आणि ते होईपर्यंत भामरागडच्या मुलाला आपल्या गोटुलबद्दल (गावातल्या तरुण मुलामुलींच्या सामूहिक घराबद्दल) मराठीतच लिहावं लागणार. तिथेही तळटिपेत बहुधा व्हेरियर एल्विनचं १९४७ चं पुस्तक येणार, आणि तेही शेजारच्या बस्तरमधल्या मुरियांवरचं.

सुरुवातीच्या त्या नाटकवेड्या मुलाला एक सोपं काम सुचवता येईल असं वाटतं : हंगामात फोटो काढ आणि विकिमीडिया कॉमन्सवर चढव. फोटोला संदर्भ लागत नाही. यातही एक खोच आहे, ती आधीच सांगितलेली बरी. झाडीपट्टीची सगळ्यात देखणी वस्तू म्हणजे चौकाचौकात लागलेलं नाटकाचं रंगीत पोस्टर, आणि नवख्याचा कॅमेरा पहिल्यांदा त्याच्याकडेच वळतो. पोस्टर हे चित्र आहे, त्याचा हक्क ते तयार करणाऱ्याचा. भर रस्त्यात लावलेलं असलं तरी भारतीय कायद्यात अशा सपाट चित्राच्या फोटोला सूट नाही, तेव्हा ते कॉमन्सवरून काढलं जातं. मांडवाचा, तिकिटाच्या खिडकीपुढच्या रांगेचा, मंडईत दंडार हे लोकनृत्य नाचणाऱ्यांचा, रंगपटात आरशापुढे मिशी चिकटवत बसलेल्या नटाचा (त्याला विचारून) फोटो राहतो. वर्णनात गावाचं नाव, तालुका, तारीख आणि नाटक मंडळीचं नाव टाकायचं. कात्रणाच्या वहीत जे राहून जातं ते इथे राहता कामा नये.